चौथी ओटी

घरून निघालेल्या बाईची ओटी तुम्ही भरता, तेव्हा तिला जायचं आहे का, हे तिला कधी विचारलं आहे तुम्ही?

मी विचारलं नव्हतं. आणि मी अशा घरात वाढले होते जिथे पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याचं मत विचारलं जाई. वडील बेंगळुरूच्या एका कारखान्यात नोकरीला आणि नोकरीपेक्षा जास्त संघटनेत. आमच्या कपाटात साड्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. कन्नडमधली, तमिळमधली, क्वचित मराठीतलीही. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरून, त्यामुळे वाक्य उद्गारचिन्हानेच संपतं अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. एकविसाव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. त्यात हळदीकुंकू, ओटी, मंगळसूत्र या सगळ्यांची एकाच पानात वासलात लावली होती. पत्रक छापून आलं आणि आईने त्यावर डाळ निवडली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी दर गुरुवारी एका गिरणीच्या वर जात असे. खाली पिठाची गिरणी आणि वर दोन खोल्या. त्या खोल्यांत घरी मारहाण सोसलेल्या बायकांसाठी समुपदेशनाचं काम चाले. ते चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, कन्नड बोलणाऱ्या. त्यांचं शिक्षण एका मोठ्या इस्पितळात आणि इंग्रजी पुस्तकांतून झालेलं. सगळ्या त्यांना मॅडम म्हणत. मॅडमना मराठी समजे, पण काठाकाठाने. म्हणून मराठी बोलणारी बाई आली की मधे बसायला मी.

गिरणी चालू असली की वरची फरशी थरथरे आणि बोललेलं दाराबाहेर ऐकू जात नसे. बायकांना हे फार आवडे. गिरणी सुरू झाली की त्या बोलू लागत आणि वीज गेली की वाक्य अर्धं टाकून पदराची टोकं बघत बसत. मॅडम म्हणत, "पुस्तकात लिहिलंय, खोली शांत हवी. लिहिणाऱ्याच्या घराखाली गिरणी नसणार."

अशाच एका गुरुवारी ती आली. तिशीच्या आतली. बेळगावकडच्या सीमेवरच्या गावची. नवरा बेंगळुरूतल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात लेथवर. या वेळी ती त्याच्याकडून निघून हेब्बाळला थोरल्या बहिणीकडे येऊन राहिली होती. मी तिला अक्का म्हणू लागले, बेंगळुरूत वयाने मोठ्या बाईला म्हणतात तसं. कन्नड तिला मराठीइतकंच येत होतं, मग माझी गरज काय, असा मला प्रश्न पडला. दोन तासांत उत्तर मिळालं. लग्न कधी झालं, खोली कुठे, नवरा कुठे कामाला, हे सगळं तिने कन्नडमध्ये सांगितलं, एखाद्या कचेरीत सांगावं तसं. हात कसा उगारला जातो हे सांगायची वेळ आली आणि ती माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागली.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट तिने स्पष्ट सांगितली. "मॅडमना सांग पोरी, ह्या बारीला परत गेलो तर मी वाचत न्हाई." तिकडच्या बायका 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणतात. आवाजात कढ नव्हता. पाऊस येणार म्हणावं, तसं म्हणाली. मॅडमनी ते वाक्य वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं. पुढचं सगळं काम त्या ओळीखाली चालणार होतं.

मग प्रश्नावली. ती मीच मराठीत आणली होती आणि मला तिचा अभिमान होता.

"गेल्या पंधरवड्यात किती वेळा निराश वाटलं?" मी विचारलं.

"वाटायला येळ कुठं हाय?"

"बरं. कशात रस उरला नाही, असं?"

"कसला रस?" ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली. "तू शिकल्याली हाईस न्हवं? तुलाच काय इचारायचं ते ठावं न्हाई."

मॅडमना मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुम्हीच सांगा, आत काय होतं?"

ती थोडा वेळ फरशीची थरथर ऐकत राहिली. "खालची गिरणी डोस्क्यात बी हाय. ती रातदिस बंद हुईत न्हाई."

त्यानंतर तिच्यासाठी आमचा पहिला प्रश्न तोच. आज गिरणी किती जोरात? कधी ती म्हणे, ज्वारी दळायलीया. कधी म्हणे, मिरच्या. मिरच्यांच्या दिवशी मॅडम कसलाही नवा विषय काढत नसत. मला हे फार नवलाचं वाटे. पत्रकात आम्ही 'शोषण' लिहीत असू, आणि इथे एक बाई मिरच्या म्हणत होती, आणि मॅडमना तेवढ्यावरून नेमकं कळत होतं की आज किती पुढे जायचं.

चौथ्या गुरुवारी मॅडमनी खुर्ची आणली. पुस्तकातली एक रीत होती. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, ज्याने दुखावलं तो माणूस तिथे बसला आहे असं समजायचं आणि मनात साठलेलं त्याला सांगायचं. मला ही रीत भलतीच आवडली होती. त्या रिकाम्या खुर्चीला मीसुद्धा चार शब्द सुनवायला तयार होते. मी अक्काला समजावलं, "समजा, ते इथे बसलेत."

अक्का ताडकन उठली. पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला लागून उभी राहिली.

"अक्का, बसा ना. बसून बोला."

"ते बसल्यावर मी कशी बसू?"

"खुर्ची रिकामी आहे, अक्का."

"आत्ता तूच बसीवलीस की त्येंना!"

खुर्ची उचलून बाहेर नेल्याशिवाय ती खाली बसली नाही. त्या दिवशी मिरच्या होत्या. मॅडम नंतर माझ्याशी बोलल्या त्या स्वतःवर रागावून. "तिच्या घरात समोरासमोर खुर्च्या कुठे असतात, तंगी? मी विचारलंच नाही." तंगी म्हणजे धाकटी बहीण, मला त्या तसंच हाक मारत. पुढच्या गुरुवारपासून आम्ही तिघी चटईवर.

खरी चूक मात्र नंतर झाली, आणि ती पुस्तकामुळे नाही झाली. पुस्तक बाजूला ठेवल्यामुळे झाली.

खुर्चीच्या फजितीनंतर आम्ही दोघींनी ठरवलं, इथलं सगळं आपल्या बायकांच्या ओळखीचं करायचं. मी घरी हे सांगितलं. आईचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले आणि तिच्या मराठीत अर्धं कन्नड, 'बरं' म्हणायचं तर 'सरी' म्हणे. ती म्हणाली, "चटई घातल्यास, सरी. पण तुमच्याकडं आलेल्या बाईला जाताना रिकाम्या पदरानं धाडतास काय गे? कुंकू तरी लाव. ओटी भर."

"ओटी? माझं पत्रक वाचलंस ना तू?"

"त्याच्यावरच डाळ निवडले की. चांगला होता कागद."

मी चिडून हे मॅडमना सांगितलं आणि मॅडमचे डोळे चमकले. "तुझी आई बरोबर बोलते. त्यांना इथून निघताना मान मिळायला हवा." मी तत्त्वाचा मुद्दा काढला. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या बोलण्यातलं उद्गारचिन्ह मला ऐकू येतं. ते तुझ्यासाठी ठेव. ही बाई तुझं पत्रक नाही." मी हो म्हटलं, आणि मनातल्या मनात माझं मलाच कौतुक वाटलं. तत्त्व बाजूला ठेवून लोकांचं ऐकायला शिकले म्हणून.

आईने नारळ, तांदूळ, सुपारी आणि हिरवा खण बांधून दिला. त्या गुरुवारी काम संपल्यावर मी स्वतः अक्काला कुंकू लावलं आणि पुढ्यात नारळ धरला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश पदर पसरला. नारळ पडला तेव्हा हळूच म्हणाली, "सरी."

मला वाटलं, भारावली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मॅडमनी वहीतलं पहिलं पान उघडलं आणि मला हेब्बाळला पाठवलं.

बहिणीचं घर तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. बहीण दारात कपडे पिळत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने पिळा बादलीत आपटला.

"तुमीच पाठीवलासा की तिला! ओटी भरलासा, आनि आता इचारतासा कुठं गेली म्हणून?"

"आम्ही? आम्ही कुठे पाठवलं?"

"मग ओटी कशाला भरलासा? हितं येऊन खण दाखीवली मला. म्हणाली, मॅडमनी बी भरली, आता काय ऱ्हायलं? दुसऱ्या दिशी गेली पीण्याला."

उंबऱ्यावर बसून मग बहिणीने मला जे सांगितलं ते मी शब्दशः मॅडमना सांगितलं. लग्न झाल्यापासून अक्का तीनदा मार खाऊन माहेरी गेली होती. तीनदा आईने पाठीला तेल लावलं, गोडधोड केलं, आणि चार-आठ दिवसांनी चांगला वार बघून ओटी भरली. ओटी भरली की वडील पिशवी घेऊन उभे. तीन वेळा नारळ पदरात पडला आणि तीन वेळा ती बसमध्ये बसली. आमची चौथी.

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "ओळखीचं करायचं म्हणालो आपण. तिच्या सगळ्यात ओळखीचं तेच निघालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पीण्याला गेलो. लोखंडाचा कीस रस्त्याच्या कडेला चमकत होता आणि शेडमागून शेड होत्या. त्यांच्या मागे वठार, म्हणजे एका ओळीत सात-आठ खोल्या आणि सगळ्यांना मिळून एक नळ. अक्काने दार उघडलं. डाव्या हाताची दोन बोटं फडक्याने बांधलेली.

"आत या. ह्येंची पाळी दोन वाजंपातुर हाय."

तिने चहा टाकला. देवाच्या फळीवर आमचा नारळ होता, शेंडीसकट, आणि खाली हिरवा खण. मला राहवलं नाही. "अक्का, उठा! पिशवी भरा! आत्ताच्या आत्ता निघायचं!"

तिने बशी खाली ठेवली. माझ्याकडे त्याच नजरेने बघितलं. आणि त्याच आवाजात म्हणाली, "सरी."

ती उठून पिशवी शोधू लागली. मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "स्वल्प थांब, तंगी. ऐकलंस ना? त्या गुरुवारी पदर पसरून म्हणाली होती ती हीच सरी."

मग त्या अक्काला म्हणाल्या, "बसा. पिशवी नंतर. तो नारळ तुमच्याकडे कसा आला, ते मला सांगा."

"तुमीच दिलासा की."

"आम्ही चुकलो. तो द्यायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. माफ करा."

अक्का हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होते. "नारळाची माफी मागतासा, मॅडम?"

"हो. आधीच्या तीन ओट्यांतले तांदूळ कोणी खाल्ले?"

"सासूनं. तवा हितंच ऱ्हायाची ती. सून परत आल्याचं बक्षीस त्ये तिचं." आणि पुन्हा हसली. या वेळी हसू अर्ध्यात थांबलं. "खण मात्र हाईत. तिन्ही. शिवली न्हाई मी. का न्हाई शिवली काय की."

पाऊण तास आम्ही बसलो. मॅडमनी चल म्हटलं नाही आणि थांब म्हटलं नाही. नवरा किती वाजता जातो, येतो, पिशवी कुठे ठेवली तर दिसणार नाही, कोणती बस कुठे थांबते, हे सगळं अक्काकडून काढून घेतलं आणि तिलाच परत म्हणून दाखवायला लावलं. निघताना म्हणाल्या, "गिरणी गुरुवारीच नाही, रोज चालू असते. यायचं का, कधी यायचं, ते तुम्ही ठरवायचं."

बसस्टॉपवर मी भांडले. "तिला तिथे सोडून आलो आपण! तिची बोटं बघितलीत?"

"बघितली. मला आज जेवण जाणार नाही."

"मग?"

"ओढून आणलं असतं तर ती पाचवी ओटी झाली असती. फक्त बसचं तोंड उलट्या बाजूला."

मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. ते बारा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. रोज गिरणीवर जायचे आणि जिन्यावर पाऊल वाजलं की उठायचे. तिला काही झालं असतं तर मॅडमचं शहाणपण आणि त्यांचं ऐकून माझं परत येणं, दोन्ही कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी ती आली. एका हातात पिशवी, दुसऱ्यात नारळ.

"मंगळवारी?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"मंगळवारी लेकीला धाडत न्हाईत. म्हणून मंगळवारच धरलो. मला कुनी धाडलं असं वाटाय नको."

चटईवर बसल्यावर तिने पिशवीतून चारही खण काढले, त्यांची चुंबळ करून समोर ठेवली, एकदा खुर्ची ठेवली होती त्याच जागी, आणि चुंबळीवर नारळ बसवला. शेंडी स्वतःकडे फिरवली.

"ह्येच्यासंगं बोलतो," म्हणाली.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"माजी आई."

नवरा नव्हे. आम्ही महिनाभर तिला नवऱ्याशी बोलायला लावायच्या खटपटीत होतो. तिला कोणाशी बोलायचं आहे, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

ती बसूनच बोलली. "आई, तीन बारीला आलो तुज्याकडं. पाठीला तेल लावलीस. गरम पानी दिलीस. पोळ्या केलीस. समदं केलीस. नारळ घालताना तू तोंड फिरीवलीस, मला दिसलं. मग का घातलीस गं? एकदा तरी म्हणायचं हुतं, जातीस काय? एवढंच. मी न्हाई म्हणालो असतो काय, हो म्हणालो असतो काय, ते मला बी ठावं न्हाई. पर तू इचारायचं हुतं."

मधेच वीज गेली. खालची गिरणी घरघरत थांबली आणि खोली एकदम उघडी पडल्यासारखी झाली. मी अक्काकडे बघितलं. इतके दिवस तिचं बोलणं इथेच तुटत असे. ती थांबली नाही. आवाज थोडा वाढवला, इतकंच. मी मॅडमना भाषांतर सांगायला वळले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. त्यांना समजत होतं.

बोलणं संपल्यावर तिने स्वतःच पायरीवर नारळ फोडला. इतके दिवस राहिल्यामुळे खोबरं करवंटीपासून सुटलं होतं. आम्ही तिघींनी ते गुळाबरोबर खाल्लं.

त्या दिवसापासून ती एका वसतिगृहात राहिली आणि दर गुरुवारी येत गेली. मिरच्यांचे दिवस कमी झाले, संपले नाहीत. काही महिन्यांनी तिला कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि तिथल्याच दोघींबरोबर तिने खोली घेतली. त्या खोलीवर जायच्या दिवशी ती आमच्याकडे आली. अंगात हिरव्या खणाची चोळी. आईने न विचारताच माझ्याकडे नारळ दिला होता, आणि मी तो मागे लपवून उभी.

"अक्का, ओटी भरू का?"

"आधी इचार, कुठं निघालो म्हणून."

"कुठे निघालात?"

"माज्या खोलीवर."

"जायचंय तुम्हाला?"

तिने लगेच हो म्हटलं नाही. ती विचार करत राहिली, खरोखर विचार करत, खिडकीतून खाली बघत. खोलीवर पहिल्यांदाच ती स्वतःच्या नावाने राहणार होती आणि तिला भीतीही वाटत असणार. नारळ माझ्या हाताला जड लागू लागला. खाली गिरणी चालू होती. मला घाई करावीशी वाटली, तिच्या वतीने हो म्हणावंसं वाटलं. मी बोलले नाही.

मग तिने पदर पसरला. "हां. जायचंय. घाल आता."

माझं जुनं पत्रक मी फाडलेलं नाही, पण त्यातला ओटीचा परिच्छेद आता मी तसा लिहिणार नाही. त्याऐवजी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमची लेक, बहीण, सून, शेजारीण, कोणीही बाई तुमच्या घरून निघाली की नारळ हातात घ्या, खुशाल घ्या. पण तिच्या पदरात घालण्याआधी विचारा, कुठे निघालीस, आणि तुला जायचंय का? विचारून गप्प उभ्या राहा. तिला वेळ लागेल. उत्तर येईपर्यंत नारळ तुमच्याच हातात राहू द्या, आणि उत्तर नाही असं आलं, तर तो खाली ठेवून तिच्यासाठी ताट वाढा.